न लिहिलेले तीस किलोमीटर

२१ एप्रिल २०२४, रविवार

गाडीची जुनी वही मार्चमध्ये संपली. ही नवी. सवयीनं पहिल्या पानावर तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, सही असे रकाने आखले. मग लक्षात आलं, घरात गाडी नेणारा आता मी एकटाच आहे. एकट्याला रकाने कशाला. म्हणून सरळच लिहितो.

आमच्या स्कूटरच्या मीटरची केबल सहा वर्षांपूर्वी तुटली. पेट्रोलचा काटा त्याच्याही आधीपासून झोपलेला. दोन्ही दुरुस्त केले नाहीत, कारण मला गरज नव्हती. एकतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत डिझेलचा हिशोब ठेवला. कुठली गाडी दहा लिटरला किती किलोमीटर जाते ते मला तोंडपाठ असायचं. आकडा घसरला की मी ड्रायव्हरला बोलावून घ्यायचो. गाडी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे माझं ठरलेलं वाक्य. घरीही तीच शिस्त लावली. दाराजवळ खिळ्याला वही, वहीला दोरीनं पेन. आधी लिहायचं, मग किल्ली उचलायची. उदगीर चौदा, फाटा पाच, शेतातलं बोअर तीन. टाकी पाच लिटरची, लिटरला पन्नास, म्हणजे अडीचशे. त्याच्या आत भरायचं. सरजा शेजारणींना सांगायची, "आमच्या गाडीला काटा न्हाई, नवरा हाय."

२८ मार्चला सकाळी वहीत टाकी भरल्यापासूनचे २१२ किलोमीटर होते. आदल्या दिवशी पंपावर पाण्याच्या टँकरवाल्या ट्रॅक्टरांची रांग होती, म्हणून न भरताच आलो होतो. अजून अडतीस किलोमीटर हातात होते. सरजाच्या छातीत जळजळत होतं, घाम येत होता. तिला मागे बसवून उदगीरच्या दवाखान्यात निघालो. चौदाच तर होते. आठव्या किलोमीटरला गाडी बंद पडली. टाकीचं झाकण उघडून हलवून पाहिलं, आवाजच नाही.

तिला बाभळीखाली बसवलं आणि रिकामी बाटली घेऊन पंपावर गेलो. त्याआधी एक जीप थांबली होती. सरजाच म्हणाली, "जाऊ द्या तिला, पित्त हाय, ढेकर आली की बरं वाटंल." मी जाऊन येईपर्यंत अर्धा तास गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे. आणि नंतर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

अडीचशेतून दोनशेवीस गेले, तीस उरायला हवे होते; म्हणजे ते कुणीतरी न लिहिता चालवले. उदगीरला जाऊन येऊन अठ्ठावीस आणि बाजारात फिरायला दोन. आमची मुलगी पंचशीला तेव्हा नांदेडहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेली होती.

अंत्यविधी करून आल्यावर अंगणात सगळ्यांच्या देखत विचारलं, "शीला, तू वहीत न लिहिता गाडी नेली होतीस का?" ती खाली बघून म्हणाली, "हाव. परवा नेली होती. लिहायचं राहिलं." हातच्या काकणाला आरसा कशाला. मी तिला म्हणालो, आईचा अर्धा तास तू खाल्लास. सरजाचे भाऊ व्यंकटराव शेजारीच उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी भाचीचं नाव घेतलेलं नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच दुपारी ती नांदेडला गेली. तिथं एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी करते. रोज फोन करते. मी "बरं" म्हणतो आणि ठेवतो. त्या दिवशी कुठं गेली होती ते विचारलं की गप्प बसते. मला ते शोधून काढायचं आहे. एवढं एकच काम सध्या डोक्यात आहे.

२४ एप्रिल, बुधवार

टँकर आला नाही. शेजारच्या केवळाबाई भाकरी आणि पिठलं देऊन गेल्या. खाल्लं. चव कळली नाही.

लोक विचारतात, साहेबराव, कसं वाटतंय? मला खरंच काही वाटत नाही. एकदाही रडू आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला वाटत नाही, तसं आहे.

२८ एप्रिल, रविवार

तपास करायचा तर गाडीला मीटर पाहिजे. नवी केबल टाकायला उदगीरला चंद्रप्पाच्या गॅरेजवर गेलो. चंद्रप्पा आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. रिटायर झाल्यावर त्यानं दुचाकीचं गॅरेज टाकलं. माझ्याविषयी त्याच्या मनात काय असेल ते मला माहीत आहे. २००९ साली त्याच्या गाडीचा आकडा घसरला म्हणून मी त्याचं नाव वर कळवलं होतं. तीन महिने त्याला गाडी मिळाली नाही. चौथ्या महिन्यात डेपोतल्या पंपाचं मापच बिघडलेलं निघालं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

त्यानं चहा मागवला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसला. गॅरेजवर उदगीर जिल्हा होणार याच गप्पा चालल्या होत्या. एकानं तर दुकानाच्या पाटीवर "जि. उदगीर" रंगवूनही घेतलंय. बाजारात तुरी! एक जण म्हणाला, जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना होईल, लातूरला पळायची गरज न्हाई. मग माझ्याकडे बघून तो चहाचे ग्लास गोळा करायला लागला.

केबल बसली. सहा वर्षांनी मीटरचे आकडे फिरताना पाहिले.

३ मे, शुक्रवार

पहिली चाचणी. टाकी कोरडी केली, पंपावरच्या मापानं बरोबर एक लिटर घातलं आणि उदगीर रस्त्यावर एकटा फिरत राहिलो. ऊन मरणाचं. गाडी बंद पडली तेव्हा मीटरवर सेहेचाळीस.

पन्नास नाही, सेहेचाळीस. पन्नास हा आकडा मी २०२१ च्या दिवाळीत वहीतल्या अंतरांवरून काढला होता. त्यानंतर काढला नाही, कारण गाडी कधी बंदच पडली नव्हती.

सेहेचाळीसनं पाच लिटरला दोनशेतीस होतात. म्हणजे न लिहिलेले किलोमीटर तीस नाहीत, दहाच. उदगीर बाद. फाट्याला जाऊन येऊन बरोबर दहा होतात. फाट्यावर कोण आहे?

४ मे, शनिवार

फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, मार्चअखेर आमची शीला गाडीवर दिसली होती का? तो म्हणाला, "न्हाई काका, ताई लई दिवस झाले आली न्हाई." चहावालाही तेच म्हणाला. दोघं मिळून लपवत असतील.

परत येताना वाटलं, बाप म्हणून मी हे काय विचारत फिरतोय. पण घरी पोचेपर्यंत ते वाटणंही गेलं.

७ मे, मंगळवार

मतदान केलं. बोटाला शाई.

संध्याकाळी व्यंकटराव येऊन गेले. त्यांच्या गावात अजून एक बोअर चालू आहे, म्हणून दोन कॅन पाणी घेऊन आले होते. हल्ली पाहुणा पेढ्यांऐवजी पाणी आणतो. मी म्हणालो, शीलाचा फोन आला होता, मामा कसे आहेत विचारत होती. ते म्हणाले, "तिचं नाव माझ्याम्होरं काढू नका. माझी ताई रस्त्याच्या कडंला बसून राहिली, हिच्या एका चकरेपायी." हे वाक्य मीच त्यांना दिलेलं आहे.

११ मे, शनिवार

सेहेचाळीसचा आकडा चंद्रप्पाला दाखवला. मला वाटलं, म्हणेल कार्बोरेटर साफ करू. तो हसला.

"आता पेट्रोल पयल्यासारखं हाय का साहेबराव? वीस टक्के इथेनॉल हाय त्यात. उसाचं. त्याला जळायची ताकद कमी. तुमची गाडी जुनी, ती त्या पेट्रोलासाठी बनलेलीच न्हाई. कोणाची दोन घसरली, कोणाची चार. लातूरचे एक क्लासवाले सर हायत, त्यांची कार सतरा देत होती, आता पंधरा बी न्हाई म्हणून रडून राहिलेत."

पंपावर पाटी लागलेली मी पाहिली होती. पाहिली आणि पुढे गेलो. माझा आकडा ठरलेला होता ना. इथं माणसाला प्यायला पाणी नाही आणि गाडी ऊस पितेय, असं चंद्रप्पाच पुढे म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो असेन.

मी त्याला म्हणालो, तरी दहा किलोमीटर उरतात. ते कुठं गेले? त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"मार्चात गाडीवर काय वाहिलंव?"

पाणी. सगळा मार्च आम्ही बोअरवरून पाणी आणत होतो. सरजा मागे, तिच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन आणि नांगरटीतून खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता.

"आन् वहीत काय लिहिलंव?"

तीन आणि तीन, सहा.

चंद्रप्पा म्हणाला, "तवा बी तुमी गाडीला इचारलं न्हाई. मला इचारलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

१४ मे, मंगळवार

दुसरी चाचणी, दोन दिवस चालली. दवाखान्याच्या कागदावर सरजाचं वजन अठ्ठावन्न किलो लिहिलेलं आहे. पोत्यात माती भरून अठ्ठावन्न किलो मोजली आणि पोतं मागच्या सीटवर उभं बांधलं. दोन बाजूंना दोन कॅन. जाताना रिकामे, येताना भरलेले. परत एक लिटर, परत तीन किलोमीटर जाणं आणि तीन येणं. पाणी केवळाबाईंच्या टाकीत ओतत गेलो.

पोरं मागं पळत होती, बाया दारात येऊन बघत होत्या. केवळाबाईंनी विचारलं, "ह्ये पोतं कशाला घेऊन फिरून राहिलाव मागं?" मी म्हणालो, सरजाचं वजन आहे. त्या हसता हसता थांबल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. माणूस वेडा झाला असं त्यांना वाटलं असेल. मला वळणावर मात्र दोनदा वाटलं की ती बसलीय. पोतं तिच्यासारखंच कलायचं.

त्रेचाळीस.

रात्रीच्या जेवणाआधी जुनी वही काढून बसलो. २८ मार्चपर्यंतच्या दोनशेबारा किलोमीटरांत बोअरच्या बावीस खेपा आहेत, म्हणजे एकशेबत्तीस किलोमीटर. ते त्रेचाळीसनं धरले. बाकीचे आणि त्या दिवशीचे शेवटचे आठ मिळून अठ्ठ्याऐंशी, ते सेहेचाळीसनं. बेरीज पाच लिटरला तीन चमचे कमी.

तीन चमच्यांत गाडी अंगणाबाहेर जाते, फाट्यावर जात नाही. परत बेरीज केली. परत तीच आली.

१५ मे, बुधवार

काही केलं नाही.

१६ मे, गुरुवार

पंचशीलानं गाडी नेली नव्हती.

कालपासून हे वाक्य लिहायचं होतं, हात धजत नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांबद्दल म्हणत आलो. मी तर बापाचं काळीज सोडून, हिशोबनीसाच्या खुर्चीवर बसून, आई गेलेल्या पोरीला सगळ्यांसमोर उभं केलं. तिनं न केलेली चूक तिच्या गळ्यात बांधली. चूक माझी होती. पेट्रोल बदललं ते मी केलं नाही, पण पाटी वाचली होती, पाणी मीच वाहिलं होतं, आणि रांग पाहून पंपावरून मीच पुढे आलो होतो. सरजाचा अर्धा तास मी खाल्ला.

हे लिहूनही छातीत काही हललं नाही. मला माझीच भीती वाटते.

एक गोष्ट मात्र कळत नाही. नेली नव्हती तर ती "हाव" का म्हणाली? मला घाबरून? लहानपणीसुद्धा ती मला घाबरली नाही. पेन्सिल हरवली तर तोंडावर सांगायची, हरवली, मारायचं तर मारा.

रविवारी तिला सुट्टी असते. जातो.

१९ मे, रविवार, नांदेड

हे शीलाच्या खोलीवर बसून लिहितोय. ती आणि तिची मैत्रीण स्वयंपाक करतायत.

सकाळच्या उदगीर-नांदेड गाडीनं आलो. दोन्ही वह्या पिशवीत. गाडीत बसलो की ड्रायव्हरच्या पायाकडे, गिअरकडे लक्ष जातं. आज प्रयत्न करून खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. वाटेतले नाले, तळी, सगळी भांडी घासून पालथी घातल्यासारखी.

शीला बसस्टँडवर आली होती. बारीक झालीय. माझ्या पाया पडली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "बाबा, आधी रस प्या. तोंड बघा कसं झालंय." स्टँडबाहेरच्या रसवंतीत बाकावर बसलो. वह्या काढून बाकावर उघडल्या. पन्नास, सेहेचाळीस, त्रेचाळीस, बावीस खेपा, तीन चमचे, सगळं समजावून सांगायचं म्हणून चार दिवस मनात वाक्यं जुळवली होती. इथेनॉलपासून सुरुवात करणार होतो. तिनं वहीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "शीला, तू गाडी नेली नव्हतीस."

"न्हाई नेली."

"मग सगळ्यांसमोर हाव का म्हणालीस?"

तिनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "आईनं सांगितलं होतं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं मोबाइल काढून मला दाखवला. २८ मार्च, आईचा फोन, एकोणीस मिनिटं.

"तुम्ही बाटली घेऊन गेलात ना, तवाच फोन आला. एकटी बसलेय, बोल माझ्याशी म्हणाली. हसत होती बाबा. म्हणाली, शीले, आज तुझ्या बाबांचा हिशोब चुकला बघ, एवढ्या वर्षांत पयल्यांदा. तोंड बघायला पाहिजे होतंस त्यांचं. मी म्हणलं, आई, मी कोणाची तरी गाडी घेऊन येऊ का? तर म्हणाली, कशाला, पित्त हाय, ते येतीलच आता. मला बी पित्तच वाटलं. मी लॅबमधी काम करते आणि मला बी पित्तच वाटलं." ती थांबली. डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "मग म्हणाली, आता ते आले की पयलं तुला विचारतील, गाडी कोण नेली हुती. तू 'हाव, मीच' म्हण. न्हाईतर आठ दिवस त्या वहीत डोकं घालून बसतील, जेवायचे न्हाईत. हिशोब चुकला हे त्यांना सोसायचं न्हाई."

"आणि तू कबूल केलंस?"

"मी म्हणलं, आई, मला बोलणी बसतील. तर म्हणाली, बसू दे की दोन-चार. मी हाय ना मधी पडायला."

रसवंतीच्या चरकाचा घुंगरू वाजत होता. मी वही बंद केली. सरजा छातीत कळ घेऊन धुळीत बसली होती, आणि त्या बाईला काळजी कसली, तर माझ्या जेवणाची आणि माझ्या आकड्याची. मला रडू आलं. सात आठवड्यांनी, भर दुपारी, दहा माणसांत. शीलानं माझं डोकं खांद्याला धरलं. रसवाला उगीच फडक्यानं टेबल पुसत राहिला. मी तिला म्हणालो, चुकलो पोरी, माफ कर. ती म्हणाली, "मी तवाच सांगणार होते. पण आई गेल्यावर तिनं सांगितलेलं एवढं एकच काम माझ्याकडं उरलं होतं. मामानला सांगू नका बाबा. असू द्या. मला सवय झाली."

मी तिथूनच व्यंकटरावांना फोन लावला. शीला नको नको म्हणत हात धरत होती. मी म्हणालो, "व्यंकटराव, गाडी पोरीनं नेली नव्हती. पेट्रोल मी भरलं नव्हतं. तुमच्या ताईलाही ते माहीत होतं, तिनंच पोरीला माझ्यासाठी खोटं बोलायला लावलं." एवढंच. इथेनॉल, पाणी, खेपा, काहीच बोललो नाही.

मला वाटलं, शिव्या देतील. द्यायलाच पाहिजेत. मग ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरगी हाय का तिथं? तिला द्या फोन."

दिला.